कोरलेले अक्षर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी मला आज बोलावयास सांगितले, तेव्हा मी त्यांना म्हटले की, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी मोठ्या विषयावर काय बोलणार? त्या म्हणाल्या, "घरात जे रोज पाहता तेच सांगा." आता आमच्या घरी रोज काय पाहावयास मिळते? आमच्या दिरांचा एमआयडीसीत लहानसा गाळा आहे. तेथे संगणकाला जोडलेल्या यंत्रावर अक्षरे आणि चित्रे कोरण्याचे काम चालते. दुपारचा डबा घेऊन मी जाते आणि दोन तास थांबून पाट्यांवरची नावे वाचून देते. तेव्हा याच विषयावर चार शब्द बोलणार आहे. यंत्राचे नाव ऐकून कुणी कंटाळू नये. विषय आपल्या स्वयंपाकघरातूनच सुरू होतो.

आपल्यापैकी प्रत्येकीच्या मांडणीवर नाव घातलेले एक तरी भांडे असेल. लग्नात आलेली कळशी, घंगाळे, परात, डबा. त्यावर "अमक्यांजकडून सप्रेम भेट" आणि खाली तारीख. भांड्यांच्या दुकानात एक गृहस्थ बसलेले असत. लहानशी छिन्नी आणि हातोडी घेऊन, टिकटिक आवाज करीत, ठिपक्याला ठिपका लावून ते नाव घालीत. पुढे हातात विजेची लेखणी आली आणि टिकटिक जाऊन घरघर सुरू झाली. पण एक गोष्ट दोन्ही वेळी सारखीच होती. नाव घालणारा प्रथम विचारी, "ताई, नाव कसे लिहू? वेलांटी पहिली की दुसरी?" तो हाताने लिही, म्हणून डोळ्याने वाचीत असे. चूक होण्याची वेळ आली तर हात थबके.

अक्षरे कोरण्याची ही कला आपल्या भागात फार जुनी आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळचे लेणे आहे. तेथील भिंतीवर ब्राह्मी लिपीत मोठा लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या लेखाशी राणी नागनिकेचे नाव जोडलेले आहे. कोणते यज्ञ केले, किती दान दिले, याचे आकडे त्यात आहेत. एवढी वर्षे पाऊस-वारा खाऊन ती अक्षरे आज विद्वानांना वाचता येतात. आणखी जवळचे उदाहरण हवे असेल तर देहूचे गाथा मंदिर. आपल्यापैकी पुष्कळजणी तेथे जाऊन आल्या आहेत. तुकोबांचे चार हजारांहून अधिक अभंग संगमरवरावर कोरून भिंतींना लावलेले आहेत. भिंतीशी उभे राहून बाया अभंग वाचतात आणि एखादा पाठ असलेला अभंग सापडला की त्यावरून बोट फिरवितात. ज्या तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्या त्यांचे अभंग आता दगडात आहेत, हे पाहून मन भरून येते.

दुसरी एक गोष्ट मी वाचनालयातील पुस्तकात वाचली. ती आपल्या विषयाला फारच लागू पडते. पेशव्यांच्या दरबारी मॅलेट नावाचे इंग्रज वकील होते. त्यांच्या आश्रयाने पुण्यातील एक तांबट तांब्याच्या पत्र्यावर देवनागरी अक्षरे कोरावयास शिकला. नाना फडणविसांच्या मनात भगवद्गीता छापून वाटावी असे होते. पण १८०० साली ते वारले. मग तो कारागीर मिरजेच्या पटवर्धनांकडे गेला आणि १८०५ साली तेथे तांब्याच्या पत्र्यांवरून गीता छापली गेली. आता विचार करा. पत्र्यावरून कागदावर छापायचे म्हणजे पत्र्यावर सगळी अक्षरे उलटी कोरावी लागतात, आरशात दिसतात तशी. सातशे श्लोक उलटे कोरणे म्हणजे काय कष्ट! शिवाय गीतेतील जोडाक्षरे! तेथे नुसत्या हाताच्या कसबाने भागत नाही. प्रत्येक अक्षर डोळ्यांत तेल घालून तपासावे लागते.

आता आजच्या यंत्राकडे वळू. ते कसे चालते हे मला दिरांनी समजावून सांगितले, पण मला खरे समजले ते रांगोळीवरून. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो. आधी ठिपके, मग या ठिपक्यापासून त्या ठिपक्यापर्यंत रेघ, मग बोटे उचलायची, दुसरीकडे न्यायची, पुन्हा रेघ. यंत्रही हेच करते. आडवे किती आणि उभे किती हे दोन आकडे दिले की एक ठिपका ठरतो. तिसरा आकडा खोलीचा. यंत्राला दिलेल्या हुकमांची जी यादी असते तिला कारखान्यात जी-कोड म्हणतात. त्यात "जी शून्य" म्हणजे न कोरता झटकन दुसरीकडे जा. "जी एक" म्हणजे कोरीत सरळ रेघ ओढ. "जी दोन" आणि "जी तीन" म्हणजे गोलाई घे, एक घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि दुसरी उलट. एका नावासाठी असे शेकडो हुकूम लागतात. ते हाताने लिहीत बसलो तर दिवस जाईल, म्हणून सॉफ्टवेअर असते. आपण अक्षर दाखवावे. त्यावरून टोकाने कोठून कसे फिरावे ही वाट सॉफ्टवेअर काढून देते.

आकड्यांवर चालणारे असे यंत्र अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्येच्या संस्थेत १९५२ साली प्रथम दाखविले गेले. तेव्हा हुकूम भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर असत. पुढे १९६०च्या सुमारास फ्रान्समधील रेनो मोटार कंपनीत पिअर बेझिए या इंजिनियरांनी मोटारीच्या पत्र्याची वळणे आकड्यांत बसविण्याची रीत वापरात आणली. त्याच तऱ्हेच्या वळणांनी आज संगणकातील अक्षरे साठविलेली असतात. ज्या रीतीने मोटारीच्या बॉनेटची गोलाई काढतात त्याच रीतीने आपल्या "ळ"ची गोलाई निघते. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांवर ज्यांची पोटे भरतात त्या आपणांस ही गोष्ट ऐकून गंमत वाटेल.

येथपर्यंत सगळे चांगले आहे. अडचण येते ती मराठी अक्षरांची. अशी यंत्रे आणि सॉफ्टवेअर मुळात इंग्रजी अक्षरांच्या हिशेबाने बनली. इंग्रजीत एकापुढे एक अक्षर ठेवीत गेले की शब्द होतो. आपल्याकडे तसे नाही. "शि" लिहिताना पहिली वेलांटी आधी दिसते, पण संगणकात "श" आधी आणि वेलांटी नंतर साठवितात. ज्या सॉफ्टवेअरला हे ठाऊक नाही ते वेलांटी नंतरच कोरते, आणि मग ती पुढच्या अक्षराला लागल्यासारखी दिसते. जोडाक्षराचे तेच. "विठ्ठल" लिहिले तर "विठ्‌ठल" होते. "धर्म" लिहिले तर रफार वर जाण्याऐवजी "धर्‌म" होते. रुक्मिणीच्या नावात तर जोडाक्षर आणि वेलांटी दोन्ही. तेथे फार सांभाळावे लागते.

यावर उपाय आहे आणि तो सोपा आहे. मराठी मजकूर थेट कोरण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करू नये. आधी चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे कोरलड्रॉ किंवा फुकट मिळणारे इंकस्केप अशात, युनिकोड पद्धतीने टाइप करावा. तेथे अक्षरे नीट जुळलेली दिसली की त्यांचे रेषांत रूपांतर करावे. त्यानंतर ती अक्षरे राहत नाहीत, नुसते चित्र होते. मग पुढच्या सॉफ्टवेअरला मराठी येवो न येवो, काही बिघडत नाही. मात्र एकदा चित्र झाले की शुद्धलेखन सुधारता येत नाही, म्हणून वाचावयाचे ते त्याआधी, आणि मूळ मजकूर निराळा जपून ठेवावा.

दुसरी खुबी शिरोरेघेची. प्रत्येक अक्षराबरोबर त्याच्या डोक्यावरील रेघेचा तुकडा येतो आणि शेजारच्या तुकड्यावर थोडा चढतो. पडद्यावर रंग भरलेला असतो तेव्हा हे दिसत नाही. पण यंत्र कडेकडेने फिरते, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर बारीक आडवा ओरखडा उमटतो. म्हणून कोरण्यापूर्वी सगळी अक्षरे एकजीव करावी लागतात. पुरणपोळीचे दोन तुकडे कडेला दाबून एक करावे तसेच हे. आपल्या शिरोरेघेचा एक फायदाही आहे. लाकडातून किंवा ॲक्रिलिकमधून नाव आरपार कापून काढायचे असेल, तर इंग्रजी नावाची अक्षरे सुटी पडतात. आपले नाव रेघेला धरून एकत्र राहते. पण याच्या उलट, पत्र्यात अक्षरांची भोके पाडून रंग मारण्याचा साचा करायचा असेल, तर "व"च्या आणि "क"च्या पोटातला गोल तुकडा गळून पडतो. तेथे बारीक पूल ठेवावे लागतात.

तिसरी गोष्ट रेघेची. छापील अक्षराला दोन कडा असतात. यंत्राने दोन्ही कडांनी फिरून कोरले तर अक्षर पोकळ दिसते. लहान अक्षरांसाठी मधून एकच रेघ जाणारी अक्षरे हवीत; पण सॉफ्टवेअरबरोबर येणारी अशी अक्षरे बहुधा इंग्रजी असतात. अशा वेळी चांगले हस्ताक्षर असलेल्या बाईने कागदावर ठसठशीत एकरेघी नाव लिहून द्यावे. त्यावरून मधली रेघ काढून घेता येते. ज्या भगिनींचा रांगोळीचा हात चांगला आहे त्यांना हे काम सहज जमेल.

टोकाचेही थोडे सांगते. कोरण्याचे टोक निमुळते असते. नव्वद अंशांचे टोक अर्धा मिलिमीटर खोल गेले की वरची रेघ एक मिलिमीटर रुंद होते. म्हणजे खोलीच्या दुप्पट. यावरून कळेल की पाटी एका बाजूला जराशी वर असेल तर त्या बाजूची अक्षरे जाड येतात आणि दुसऱ्या बाजूची फिकी. म्हणून पाटी बसविताना ती सपाट बसली की नाही हे फार पाहतात. मग आधी पडद्यावर लुटुपुटीचे कोरून पाहावयाचे. नंतर टोक पाटीच्या वर ठेवून हवेत एकदा फिरवून पाहावयाचे. आणि मगच खरे. स्टीलच्या भांड्यावर बहुधा टोकाऐवजी लेसरच्या किरणाने नाव उमटवितात. त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये. त्याच्यासाठी असलेला खास चष्मा लावावा. आणि पीव्हीसीचे प्लास्टिक लेसरखाली कधीही घालू नये. त्यातून निघणारा वायू छातीला बाधतो आणि यंत्रालाही गंज चढवितो. घरातील मुले असे काम करीत असतील तर त्यांना हे जरूर विचारा.

चित्रांविषयी विचाराल तर साधा नियम असा. फोटो म्हणजे ठिपक्यांचा ढीग. त्याला वाट नसते. त्यावरून आधी रेघांचे चित्र करून घ्यावे लागते. पेन्सिलीचे चित्र असेल तर गिरविलेल्या दुहेरी रेघा पुसून, काळ्या शाईने एकच रेघ ठेवावी. कोयरी, कमळ, पाऊल, काहीही असो, आतला भाग खोल करायचा असेल तर आकार पूर्ण मिटलेला पाहिजे. कोठे केसाएवढी फट राहिली तर आत कोणते आणि बाहेर कोणते हे सॉफ्टवेअरला कळत नाही.

आता ज्यासाठी एवढे सांगितले ते सांगते. आमच्या बाजूच्या एका घरातील वृद्ध आई वारल्या. मुलांनी त्यांच्या नावाने रस्त्याच्या कडेला पाणपोई बांधली. हेतू किती चांगला! पितळी पाटी एका ठिकाणी करावयास दिली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पाटी आली. चकचकीत, कडेला वेलबुट्टी, अक्षरे अगदी एकसारखी. सगळे वाहवा करू लागले. तेवढ्यात रोज हरिपाठ वाचणाऱ्या शेजारच्या आजी जवळ आल्या, त्यांनी चष्मा लावला आणि म्हणाल्या, "अरे, हे तिचे नाव नव्हे." पाहतो तो खरेच जोडाक्षर मोडलेले आणि वेलांटी भलत्याच अक्षराजवळ गेलेली. मुलांपैकी एकजण म्हणाला, "आजी, संगणकावर केले आहे, ते चुकेल कसे?" आजी म्हणाल्या, "मी तिला पन्नास वर्षे हाक मारली आहे." मग कुणी काही बोलले नाही.

त्या घरातील सून मला मागाहून म्हणाली, "सासूबाईंच्या घरातल्या प्रत्येक भांड्यावर नाव आहे, पण कशावर सासऱ्यांचे, कशावर मामांचे, कशावर आहेर करणारांचे. त्यांचे स्वतःचे नाव कोठे कोरले गेले ते या पाटीवर, पहिल्यांदाच." हे ऐकून मला गलबलून आले. आयुष्यभरात एकदा नाव कोरले जावे आणि तेही वाचता येऊ नये!

कोरलेले पुसता येत नाही. वरचा सगळा थर छिलून काढावा तर पाटी पातळ होते. शेवटी रात्री पाटी उलटी केली, नाव आजींकडून कागदावर लिहून घेतले आणि मागच्या बाजूवर पुन्हा कोरले. आज पाणपोईवर बरोबर नाव आहे आणि चुकलेले भिंतीकडे तोंड करून आहे. येणारे-जाणारे पाणी पितात आणि नाव वाचतात.

भगिनींनो, त्या चुकीला मी यंत्राचा दोष म्हणणार नाही. यंत्राला जे दिले ते त्याने बिनचूक कोरले. पूर्वी नाव घालणारा वाचून कोरी. आता कोरणारे यंत्र वाचीत नाही. मग वाचण्याचे काम कुणी तरी मुद्दाम केले पाहिजे. गाळ्यात काम करणारी मुले हुशार असतात, पण पुष्कळजण दूरच्या प्रांतांतून आलेली असतात. त्यांना मराठी जोडाक्षरे ठाऊक नसतील तर त्यात त्यांचा काय अपराध? आपणांस तर ती ठाऊक आहेत. त्यासाठी इंजिनियर होण्याची गरज नाही. सातवीची पुस्तके, हरिपाठ, पोथी ज्या वाचतात त्या सगळ्यांना हे काम येते.

आणि हे काम वाढणारे आहे. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरी अक्षरांत असाव्यात आणि ती अक्षरे इतर लिपींहून लहान नसावीत, असा कायदा महाराष्ट्रात २०२२ साली सर्व दुकानांना लागू झाला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांत मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि मग आडनाव लिहावयाचे असा नियम झाला. आईचे नाव आता कागदावर आले. उद्या ते दारावरच्या पाटीवर आणि शाळेच्या ढालीवरही येईल. ते नीट लिहिलेले असावे एवढे तरी आपण पाहू या.

माझी मंडळाला एक सूचना आहे. आपल्यातील पाच-सहाजणींनी दुपारी दोन तास संगणकावर मराठी टाइप करण्यास शिकावे. नाव लिहून देणे, जुळविणे आणि तपासणे असे काम आसपासच्या गाळ्यांकडून घेता येईल. चार पैसे मिळतील आणि उपयोगही होईल. तपासताना चार गोष्टी पाहाव्या. पहिली, नाव ज्यांचे आहे त्यांच्या घरच्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहून दिलेला कागद समोर असावा. दुसरी, शब्द मोठ्याने वाचावा, आणि मग एकेक अक्षर शेवटाकडून पहिल्याकडे पाहत यावे. म्हणजे डोळा सवयीने पुढे पळत नाही. तिसरी, अनुस्वार, रफार, वेलांट्या मोजाव्या. चौथी, शिक्का किंवा छाप्याचा साचा असेल तर उलटे अक्षर आरशात धरून वाचावे, आणि पाटी असेल तर ते सुलटेच आहे ना हे पाहावे. चारही गोष्टी झाल्या की मग सही करावी आणि यंत्र सुरू करावयास सांगावे.

आपल्या मंडळाची नवी समई यंदा घ्यावयाची आहे असे ऐकते. तिच्यावर मंडळाचे नाव कोरावे लागेलच. ते आपल्यापैकीच एकीने लिहावे आणि दुसरीने तपासावे, अशी माझी विनंती आहे.